भोंग्यात अडकलेला अर्धा निरोप

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर हसण्यासाठी. कुणाला हडळ दिसली, कुणाच्या मागं पावलं वाजली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला — तिथं नेटवर्क होतं का? भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावस्येला स्मशानाच्या भिंतीला टेकून मी मिरची भजी खाल्लेली आहेत. भिंतीपलीकडून कुणी हात पुढं केला असता तर त्यालाही दोन दिली असती, एवढाच काय तो माझा परलोकाशी संबंध.

मला ओळखणारी माणसं माझं बोलणं निम्मं वजा करून ऐकतात. खुशाल करा. पण या गोष्टीतली वजाबाकी मी स्वतःच करून आणली आहे. कंपनीत सांगून झालं, घरी सांगून झालं, बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी गुरुजींनाही सांगून झालं. दमलोय आता. इथं एकदा लिहून टाकतो आणि सुटतो.

मी बेळगावात, खासबागला, एका छोट्या कंपनीत जावा प्रोग्रामर आहे. छोटी म्हणजे — खाली टायरचं दुकान, वर माळ्यावर आम्ही. उन्हाळ्यात टायर आणि प्रोग्रामर एकाच तापमानाला मऊ होतात. आमचा माल म्हणजे भोंगा. नदीकाठच्या गावात देवळावर भोंगा बसवायचा आणि खाली एक लोखंडी पेटी. पेटीत छोटासा कॉम्प्युटर, एक सिमकार्ड, एक बॅटरी. वर धरणातनं पाणी सोडलं की बेळगावातून आमचा माणूस निरोप टाईप करणार, तो नेटवर्कवरनं पेटीत पोचणार, आणि पेटी तो यंत्राच्या आवाजात गावभर वाचून दाखवणार. पूर्वीची दवंडीच म्हणा, फक्त हिला विडी लागत नाही.

आमच्या भागात सूचना म्हटली की दोन भाषांत. आधी कन्नड, मग मराठी. हा क्रम कुणी बदलायचा नाही. बदलला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा. कन्नड मजकूर टाईप करायला मंजुनाथ, मराठीला मी, आणि पेटीत आलेला निरोप उचलून भोंग्याला द्यायचा कोड — तोही माझाच.

ऑफिसात तपासणी केली तेव्हा सगळं लोण्यासारखं चाललं. तपासणी म्हणजे काय, तर 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग'. पेटी 'हॅलो हॅलो' म्हणाली, सरांनी पेढे मागवले, पेट्या गावोगाव गेल्या.

महिन्याभरात निपाणीच्या बाजूचं एक शिष्टमंडळ माळ्यावर चढून आलं. म्होरक्या तानाजी आप्पा — पंचायतीचे जुने मेंबर, मिशा अशा की एकेका टोकावर एकेक लिंबू बसावं. गाव माझ्या आक्काच्या सासरचंच, वेदगंगेच्या काठावर. नाव लिहीत नाही, आक्का घरात घेणार नाही.

आप्पा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा डबा मराठी खातोय."

"म्हणजे?"

"कन्नड पूर्ण बोलतोय. अगदी सावकाश, जावयाला वाढल्यागत. मराठी आलं की ह्याला उचकी लागती. 'नदीकाठच्या सर्व ग्राम' एवढं म्हणतोय आन गप. सर्व ग्राम म्हंजे काय? गावाला वाटतंय सोन्याचा भाव सांगतोय."

"आप्पा, ते नेटवर्कमुळं—"

"नेटवर्कला भाषा कळती व्हय?" त्यांनी मंजूकडं बोट केलं. "हे कोण?"

"मंजुनाथ. कन्नड तो टाईप करतो."

"मग बरोबर हाय," आप्पा म्हणाले आणि मागच्या दोघांनी माना हलवल्या.

मंजूनं शांतपणे चहा त्यांच्यापुढं सरकवला. "आप्पा, मी कन्नड घालतो तेवढंच. मराठी हा खातोय," म्हणून त्यानं माझ्याकडं बोट केलं. दोस्त असावा तर असा.

लाज वाटावी अशी गोष्ट होती, कारण खरोखरच मीच खात होतो. थोडक्यात सांगतो, पुढच्यासाठी लागणार आहे. नेटवर्कवरनं येणारा निरोप बाटलीत बंद होऊन येत नाही, नळाच्या पाण्यासारखा येतो. कधी जोरात, कधी थेंब थेंब. आपण तोटीखाली भांडं धरायचं आणि जेवढं पडलंय तेवढं घ्यायचं. या भांड्याला आम्ही बफर म्हणतो. माझं भांडं होतं हजारभर अक्षरांचं — इंग्रजी अक्षरांचं. इंग्रजीचं एक अक्षर एका जागेत बसतं. आपलं कन्नड-मराठीचं एकेक अक्षर तीन-तीन जागा अडवून ऐसपैस मांडी घालून बसतं. कन्नड मजकुरातच भांडं भरत आलेलं असायचं, वर मराठीचा चमचाभर. मी मूर्खासारखं एकदा भांडं भरलं की निरोप संपला असं धरून ते भोंग्याला द्यायचो. मागनं आलेलं उरलेलं मराठी बिनडोक्याचं म्हणून पेटी फेकून द्यायची. दोन भाषांच्या मुलुखात राहून इंग्रजीत तपासणी करायची, ही चूक पुण्या-बंगळूरच्या लोकांना सुचणारसुद्धा नाही.

दुरुस्ती सोपी होती. निरोपाच्या तोंडालाच त्याची एकूण लांबी लिहून पाठवायची. पेटीनं तुकडे गोळा करत राहायचं, आणि सांगितलेली लांबी भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही. कोड एका दुपारी झाला, मंजूबरोबर कन्नड, मराठी, दोन्ही घालून तपासला. मी स्वतःवर खूश.

पण हा नवीन प्रोग्राम पेट्यांत घालायचा कसा? नेटवर्कवरनं पाठवावा तर तो घेणार कोण — तोच जुना कोड, जो भांडं भरलं की उरलेलं फेकून देतो. म्हणजे औषध त्याच तोंडातनं द्यायचं जे गिळत नाही. सर म्हणाले, "पेनड्राईव्ह घे आणि गावोगाव जा."

तिथनं माझे हाल सुरू झाले. भर पावसाळा. रोज सकाळी बेळगावच्या स्टँडवर उभं राहायचं, रोज निपाणी. बस अशी भरलेली की माझा एक पाय निपाणीत उतरायचा तेव्हा दुसरा अजून संकेश्वरात असायचा. तिथनं पुढं वडापची जीप, नाहीतर कुणाच्या दुधाच्या मोटारसायकलवर कॅनच्या मध्ये कॅन होऊन. गावात पोचावं तर देवळाची किल्ली ज्याच्याकडं तो रानात. तो आला की वीज गेलेली. वीज आली की पेटीत मुंग्या. एका पेटीत तर मुंग्यांनी एवढं घर केलेलं, की मला वाटलं निरोप त्याच वाचत असणार. कपडे आठवडाभर वाळले नाहीत. सरांचा फोन एकच, "किती झाल्या?" मंजूचाही एकच, "येनप्पा, परत निपाणी?" अंगात त्राण म्हणून राहिलं नव्हतं. अनुभव लिहिणारे लोक 'वातावरण भारलेलं होतं' वगैरे लिहितात. मी भारलेला नव्हतो, भिजलेला होतो.

आक्काचं गाव मी शेवटी ठेवलेलं. म्हटलं, काम संपवून तिथं दोन घास खाऊन झोपू.

पोचलो तेव्हा दुपारी बाराच्या पुढं झालं असेल. पाऊस जरा थांबलेला, पण नदी फुगलेली. काठावर सगळ्यांच्या मोटारी — म्हणजे शेतीला पाणी उचलायच्या विजेच्या मोटारी — लोकांनी सकाळीच सोडवून वर आणून ठेवलेल्या. दरवर्षीचंच आहे ते. पाणी वाढायला लागलं की आधी मोटार वर. दाजींची तेवढी खालीच होती, आणि दाजी उंबऱ्यात बसून पान्हा पुसत होते.

आक्का आतनं बोलत होती. "समद्यांच्या मोटारी वर आल्या. आमचीच तेवढी राजाची राणी. तिला पालखी पायजे."

"कालच वायंडिंग करून बसवलीया," दाजी म्हणाले. "नट धरल्यात जरा. तासाभरात सोडवतो."

"तासभर नदी थांबती व्हय तुमच्यासाठी?"

"नदी मला वळखती."

"वळखती म्हणूनच भ्या वाटतंय." मग आक्का बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाळू, तू तरी सांग रं तुज्या दाजीला. एकटंच निघालंय. गडी बी न्हाय संगं."

मी म्हटलं, "दाजी, राहू दे. विमा-बिमा—"

"तू तुजा कंप्युटर बघ," म्हणून ते निघालेसुद्धा. दाजी स्वभावानं सोन्यासारखा माणूस, फक्त ऐकायचं यंत्र देवानं बसवलेलं नाही. आक्का त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग परड्यात शेजारच्या शालन वहिनींजवळ शेंगा फोडायला जाऊन बसली. मला म्हणाली, "जा, तुजं उरकून ये. जेवायला थांबते." नवरा पाण्याच्या काठाला आणि बाई शेंगा फोडत बसते, असं वाटेल कुणाला. पण तिचे हात मी बघितले. फोडलेल्या शेंगांची टरफलं ती परत फोडत होती.

मारुतीच्या देवळात तानाजी आप्पा किल्ली घेऊन बसलेले. मी पेटी उघडली, लॅपटॉप जोडला, पेनड्राईव्हवरनं नवीन प्रोग्राम चढवला. शेवटची पेटी. मंजूला फोन लावला — "टाक टेस्टिंगचा."

तो म्हणाला, "थांब. टेस्टिंग राहू दे. आत्ताच आलंय, वरनं पाणी वाढवलंय. तू लिहून ठेवलेल्या मराठीसकट खराच निरोप टाकतो सगळीकडं."

"टाक, टाक. लवकर टाक. दाजी खाली आहेत."

लॅपटॉपवर बघत होतो. निरोपाची लांबी आली. पहिला तुकडा आला — कन्नड पूर्ण, आणि मराठीची सुरुवात. तेवढ्यात देवळातला दिवा गेला. वीज गावाची गेली आणि टॉवरची बॅटरी, मला वाटतं, आदल्या दिवसापासूनच मरायला टेकलेली असणार. फोनवरच्या दांड्या एकेक करून गेल्या. मंजू "हॅलो" म्हणता म्हणता तुटला.

पेटी आपल्या बॅटरीवर चालूच होती. स्क्रीनवर एक ओळ लुकलुकत होती. मीच लिहिलेली. एकूण लांबी अमुक, आलेली तमुक, उरलेल्याची वाट बघत आहे.

मला समजायला जरा वेळ लागला. जुना कोड चुकीचा होता, पण तो निदान कन्नड तरी ओरडला असता. 'नदीकाठच्या सर्व ग्राम' एवढं तरी म्हणाला असता. गावाला सवय झालेली — सोन्याचा भाव आला म्हणजे पाणी येतंय. माझा नवा कोड शुद्ध होता. निरोप पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्याला मीच बजावलेलं. किती वेळ वाट बघायची आणि मग आहे तेवढंच ओरडून टाकायचं, हे मात्र शिकवायचं राहिलेलं. नेटवर्क दोन दिवस आलं नसतं तर तो दोन दिवस सभ्यपणे गप्प बसला असता. लॅपटॉपवरनं तिला जबरदस्तीनं बोलवायचं तर आधी कोड बदलायला हवा, तेवढा वेळ कुठला. आणि खाली दाजी गंजलेल्या नटाशी झुंजत असणार.

"आप्पा, माईक आहे का? साधा, बोलायचा?"

"गणपतीचा हाय. खजिनदाराच्या कपाटात."

"खजिनदार?"

"निपाणीला. सासऱ्याच्या तेराव्याला."

मी म्हटलं, "मी पळतो नदीला." पळतो म्हटलं खरं, पण देवळापासनं काठ म्हणजे उसाच्या सऱ्यांतनं, गुडघाभर चिखलातनं, कुत्र्यालाही अर्धा तास. मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होतो. आप्पा मागं पेटीजवळ उभे होते, हात पाठीमागं बांधून.

तेव्हा भोंगा खरखरला.

आधी कन्नड आलं. सावकाश, पूर्ण. जावयाला वाढल्यागत. मग मराठी — "नदीकाठच्या सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की". इथवर मी चप्पल हातात धरून मनात म्हणत होतो, आलं, नेटवर्क आलं वाटतं. आणि मग त्याच आवाजात, त्याच चालीत, मध्ये श्वासाएवढीही जागा न सोडता —

"मोटार दुसरी मिळती. तुमी वर या आदी."

बास. भोंगा गप्प झाला. उसावरनं त्याचा आवाज घुमत नदीकडं गेला, तो मला ऐकू येत होता.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "आज पूर्ण आलं."

स्क्रीनवर तीच ओळ. उरलेल्याची वाट बघत आहे. पेटी बोलायला लागली की स्क्रीनवर 'बोलत आहे' अशी नोंद पडते. ती पडली नव्हती. माझ्या प्रोग्रामच्या मते पेटीनं तोंड उघडलेलंच नव्हतं.

मी पळालो. निम्म्या वाटेत उसाच्या पाटावर दाजी भेटले. वर येत होते. कमरेपर्यंत ओले, हातात पान्हा, चेहरा कावल्यासारखा.

"काय रं," मला बघून म्हणाले, "सरकारला माझी मोटार दिसली कशी?"

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. धाप लागलेली.

"एकच नट राहिलेला. मांडीला पाणी लागलं तवाच जरा वाटलं, पर म्हटलं एकच तर हाय. तवर भोंगा म्हणतोय वर या. म्हंजे बघतंय कोणतरी. ड्रोन सोडलाय का तुमी लोकांनी? दंड-बिंड नको म्हणून आलो."

ते असं बोलत असतानाच खालनं आवाज आला. मोठा नव्हता. पोत्यातनं भुईमूग ओतावा, तसा. आम्ही दोघं चार पावलं मागं जाऊन उसाच्या फटीतनं बघितलं. जिथं मोटार होती तिथला काठच नव्हता. खोपी नाही, पाईप नाही, जांभळीचं झाड नाही. पाणी मात्र असं चाललेलं, जसं काही ते पहिल्यापासनं तिथनंच जातंय.

दाजींनी पाण्याकडं बघितलं. मग पान्ह्याकडं बघितलं. "चला," एवढंच म्हणाले.

घरी आलो. आक्का परड्यात उभी होती, पदर मुठीत. दाजींना बघून ती खाली बसली, आणि बसलीच. दाजी अंगावर पाणी घ्यायला गेले. शालन वहिनी मात्र माझ्याकडं असं बघत होत्या, की जणू मीच काहीतरी केलंय.

"भाऊजी, तुमच्या भोंग्याला घरातलं ऐकू जातंय व्हय?"

"का हो?"

"ही आत्ता बोलली. शेंगा टाकल्या खाली, नदीकडं तोंड केलं आन म्हटली, मोटार दुसरी मिळती, तुमी वर या आदी. मी म्हटलं, गप बाई, येत्यात. आन पाठोपाठ तुमचा भोंगा सुरू. आधी कानडी झालं. मग हिचंच बोलणं. अक्षराला अक्षर." त्यांनी हातावरची लव दाखवली. "हे बघा, अजून उभी हाय."

आक्काचं घर वरच्या आळीला. देवळापासनं मध्ये पुरी गल्ली, एक पिठाची गिरणी, एक नाला. पेटीला माईकच नाही. पेटी ऐकत नाही, बोलते फक्त. आक्काचा फोन चार्जिंगअभावी सकाळीच मेलेला. तो असाही फक्त फोटो बघायला.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण मी स्वतःच ते सगळं म्हणून बघितलंय. जुन्या निरोपाचं शेपूट भांड्यात राहिलं असेल, भांडं नीट विसळलं नाही की असं होतं. खरं आहे, होतं. पण शेपूट राहायला आधी ते वाक्य कुणीतरी पाठवायला हवं ना. मंजूनं सुरुवातीपासनं पाठवलेले सगळे निरोप शोधून काढले. 'मोटार' हा शब्दच नाही. आम्ही 'विद्युतपंप' लिहितो. मंजूनंच गंमत केली म्हणावं, तर त्याचं मराठी बोलण्यापुरतं, लिहायला येत नाही. तो निरोपात 'आदी' कुठनं घालणार? बेळगावच्या सर्व्हरवर तर स्पष्ट नोंद — अर्धा गेला, अर्ध्यात कनेक्शन तुटलं. बाकीचा मजकूर तिथंच पडून राहिला. तो काय होता तेही सांगतो. 'आपली जनावरे व साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे.' मोटार सोडून वर या, असं त्यात कुठंच नव्हतं. उलट साहित्य हलवा म्हटलेलं. दाजींनी तो पूर्ण ऐकला असता तर ते अजून एक नट सोडवत बसले असते.

पेटी मी बेळगावला नेली. महिनाभर टेबलावर ठेवून तिला तुकडे पाठवले. लहान, मोठे, उलटे, अर्धे, मध्येच वायर उपटून. हजार वेळा म्हणतो मी, तुम्ही निम्मं वजा करा. एकदाही ती लांबी भरल्याशिवाय बोलली नाही. कोड बरोबर आहे. तेच तर दुखणं आहे. चुकीचा असता तर सुटलो असतो.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ग्राहक खूश आहे ना?" ग्राहक भलताच खूश होता. तानाजी आप्पांचा पंचायतीच्या शिक्क्यासकट आभाराचा कागद आला. मराठी आता शेवटपर्यंत ऐकू येतं, आणि भाषा आपल्या गावची वापरल्याबद्दल विशेष समाधान. मंजूनं तो दोनदा वाचला. "येनप्पा, आता आमच्या लोकांनी पण असलंच कन्नड मागितलं तर?" म्हणाला. मग जरा वेळानं हळूच विचारलं, "तुझी आक्का नक्की काय म्हणाली होती?" मी सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कोडमध्ये ती राहिलेली गोष्ट घातली. इतका वेळ वाट बघायची, मग आहे तेवढं ओरडून टाकायचं. सगळ्या पेट्यांत. नेटवर्कवर आता दोघांचाही भरवसा नव्हता, म्हणून परत निपाणी, परत त्याच बसा, परत त्याच मुंग्या.

काठ गेला त्या दिवशी दाजी जेवून झोपल्यावर मी आक्काला विचारलेलं. ती चुलीपुढं बसलेली, हात गुडघ्यांवर सोडून. म्हटलं, "आक्का, हे झालं कसं गं?"

"मला काय इचारतोस. तुजं यंत्र हाय."

"पण तू बोललीस ते—"

"बोलले की. दर पावसाळ्याला बोलतेय. लगीन झाल्यापासनं." ती विस्तवाकडं बघत होती. आवाजात ना भीती, ना नवल. दिवसभर ओझी वाहून आलेलं माणूस कुठं ठेवू म्हणून विचारतं, तसला आवाज. "घरात बोलले की त्यास्नी वाटतं बायको बोलतीया. आज भोंगा बोलला, म्हणून सरकार वाटलं. पोचलं न्हवं? बास मग."

ती उठली आणि दाजींचा ओला सदरा झटकून दोरीवर टाकला.

मला अजूनही या प्रकाराचा काहीही उलगडा झालेला नाही. आणखी शोधायची ताकदही नाही, खरं सांगतो. परवा रविवारी आक्काकडं गेलो होतो. दाजींनी नवीन मोटार घेतली आहे. जेवताना त्यांचं तेच चाललेलं — हिला दम न्हाय, जुनीची सर न्हाय, एकच नट राहिलेला, अजून थोडं थांबायला पायजे होतं, सरकारनं घाई केली. भाकरी संपली तरी बोलणं संपेना. आक्का समोर बसून वारा घालत होती. मला वाटलं आता ती बोलेल, तिला बोलायचा हक्क आहे.  त्यांचं ताट रिकामं दिसलं तशी तिनं आणखी एक भाकरी टाकली, आणि ऐकत बसली.